पाच अनोळखी, एक ओळखीचा

"सहा माणसं, आणि फोन एकाकडेही नाही," मेजर खल्फान म्हणाला. "सहलीला गेलेले लोक असे जात नाहीत."

निलोफर वांगडेने खुर्ची पुढे ओढली. सुरक्षा विभागाच्या नियंत्रण कक्षातल्या मोठ्या पडद्यावर वाळवंटातल्या एका खजुराच्या मळ्याचा नकाशा होता. मळ्यातल्या घराच्या बैठकीत, म्हणजे मजलिसमध्ये, पाच राखाडी ठिपके आपापल्या जागी थांबले होते. सहावा ठिपका हिरवा होता. तो एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे जात होता आणि पुन्हा दारापाशी येऊन उभा राहत होता. राखाडी म्हणजे चाल ऐकू आली, पण कोणाची ते कळलं नाही. हिरवा म्हणजे ओळख पटली.

"हिरवा कोण आहे?" तिने विचारलं.

खल्फानने ठिपक्यावर बोट ठेवलं. फोटो उघडला. पांढरी दाढी, जरा तिरकी मान. याकूब अब्दुल्ला होडेकर, भारत. अमीरांच्या दिवाणात, म्हणजे दरबारी कार्यालयात, आदरातिथ्य विभागात नोकरी.

"तुझ्या देशाचा," खल्फान म्हणाला. "ओळखतेस?"

"आमचा देश मोठा आहे," निलोफर म्हणाली. ओठांवर आलेला 'मामू' हा शब्द तिने गिळला.

याकूब होडेकर तिच्या आईचा सख्खा भाऊ होता. रत्नागिरी जिल्ह्यातल्या सैतवड्याहून तो ऐन तारुण्यात दुरारला आला आणि इथेच राहिला. दुरार हे आखातातलं एक छोटं, तेलावर तरलेलं अमीरात. निलोफर भूभौतिकी शिकली आणि तिला याच देशात नोकरी मिळाली तेव्हा सैतवड्याच्या लोकांना त्यात काही नवल वाटलं नाही. तिकडे प्रत्येक घरातलं कोणीतरी आखातात असतंच.

"तो कॉफी देतोय, मेजर," ती म्हणाली. "बघा ना. प्रत्येकाकडे जातो, परत दारापाशी येतो."

खल्फान हसला. "मला दिसतंय. मी बदू आहे, वाळवंटातला माणूस, मला कॉफी कळते. पण सॉफ्टवेअरला कळत नाही. ते म्हणतंय, हा मनुष्य प्रत्येकाशी संपर्क ठेवतो, बाकीचे आपापसात उठून जात नाहीत, म्हणजे कटाचा सूत्रधार हाच. अहवाल आपोआप वर गेलाय. एक प्रत आपल्या प्रमुखांना, एक युवराजांच्या कार्यालयाला."

निलोफर हसली नाही. ते सॉफ्टवेअर तिचं होतं.

* * *

खरं तर ते माणसांसाठी नव्हतंच. दुरारच्या तेलवाहिन्या वाळवंटातून जातात. कोणी खणून नळ फोडतंय का, कुठे गळती आहे का, हे कळावं म्हणून नळाशेजारी प्रकाशतंतूची केबल पुरलेली असते. केबल म्हणजे केसाएवढी बारीक काच. काच कितीही शुद्ध असली तरी तिच्या पोटात सूक्ष्म असमानता असते. एका टोकाने लेझरचा स्पंद सोडला की त्यातला किंचित प्रकाश या असमानतेवर आपटून मागे येतो. किती वेळाने आला यावरून तो कुठून आला ते कळतं. जमीन थरथरली की तिथली काच अगदी अणूच्या मापाने ताणली जाते आणि परतणाऱ्या प्रकाशलहरीची लय तेवढीच सरकते. असे स्पंद सेकंदाला हजारो वेळा सोडले, की केबलचा प्रत्येक मीटर हा एक वेगळा कान होतो. त्याला वीज लागत नाही, तो दिसत नाही, आणि तो झोपत नाही.

निलोफरने या कानाला पहिल्यांदा शिकवलं ते उंट, ट्रक आणि कुदळ यांतला फरक. मग माणूस. मग कोणता माणूस. टाच पडणं आणि चवडा टेकणं यांतलं अंतर, डाव्या-उजव्या पायावरचं वजन, जुनं दुखणं, ओझं वाहायची सवय, हे सगळं मिळून चाल होते. चाल थोडा वेळ बदलता येते. पण मन दुसरीकडे गेलं की माणूस आपल्या चालीवर परत येतो.

ओळखायला नमुना हवा. त्यासाठी विमानतळावर येणाऱ्यांच्या लांब मार्गिकेखाली केबल घातली गेली. दुरारमध्ये कामाला येणारा प्रत्येक जण त्यावरून चालत आला आणि नोंदला गेला. स्वतः निलोफरही. देशाच्या नागरिकांनी आपापल्या कार्यालयांत चालून दाखवलं. राहिलं फक्त राजघराणं. त्यांच्या गाड्या थेट विमानाच्या शिडीपाशी जातात. निलोफरने तेव्हा बैठकीत विचारलं होतं, "शेखांच्या चालीचे नमुने कधी घ्यायचे?" सगळे थोडे हसले होते. कोणीतरी म्हणालं होतं, "शेखांना चालायला कोण सांगणार?"

त्यामुळे हा कान दुरारमधल्या प्रत्येक गवंड्याला ओळखत होता, परिचारिकेला आणि चालकाला ओळखत होता. राज्य उलथवू शकतील अशा माणसांपैकी मात्र एकालाही ओळखत नव्हता.

आणि राज्य उलथण्याची भीती खरी होती. दुरारच्या राजघराण्यात दोन शाखा. एकीचा अमीर झाला की पुढचा दुसरीचा, असा जुना रिवाज. म्हाताऱ्या अमीरांनी तो मोडून स्वतःच्या मुलाला, शेख मायेदला, युवराज केलं. आता अमीर परदेशातल्या रुग्णालयात शेवटच्या घटका मोजत होते आणि दुसरी शाखा गप्प होती. खल्फानच्या मते ती जरा जास्तच गप्प होती.

"बघ कसे आहेत," खल्फान राखाडी ठिपक्यांकडे पाहत म्हणाला. "फोन घरी ठेवले. एकाही चालकाचा ठिपका नाही, म्हणजे स्वतः गाडी चालवत आले. इतकी काळजी. पण स्वतःच्या हाताने कॉफी ओतून घेणं? तोबा. त्यापेक्षा फाशी बरी."

* * *

शुक्रवारी याकूबमामू नेहमीप्रमाणे तिच्याकडे जेवायला आला. बांगड्याचं कालवण आणि तांदळाच्या भाकऱ्या होत्या.

"मीठ कमी हाय गो."

"तुझं बीपी जास्त आहे."

"बीपी माझं हाय, बांगड्याचं नाय. त्याला कशाला शिक्षा?"

एरवी ती हसली असती. आज तिने त्याचं जेवण संपत येईपर्यंत कसाबसा दम धरला. "मामू, मंगळवारी दुपारी तू मळ्यावर होतास."

त्याचा हात ताटातच थांबला. "कोणी सांगितलं?"

"तुझ्या पायांनी."

मग तिने सगळं सांगितलं. केबल, मळ्याच्या पाण्याच्या नळाबरोबर गेल्या वर्षी टाकलेला तिचा नवा फाटा, मजलिसच्या जमिनीखालून स्वयंपाकघराकडे गेलेला नळ. याकूबने आपले दोन्ही पाय पुढे पसरले आणि त्यांच्याकडे बघत राहिला.

"हरामखोर," तो पायांना म्हणाला. "मीच पोसले यांना."

"चेष्टा नको. बाकीचे पाच कोण होते?"

"ते मी नाय सांगायचा."

"मामू!"

"तुला कळलं की तू पण माझ्यासारखीच होशील. एका घरात एक पुरे." त्याने पाण्याचा पेला उचलला. "भिंतीला कान असतात म्हणतात. मी तशी भिंत हाय. माझ्यासमोर ते बायकोशी बोलत नायत ते बोलतात. वाकून कॉफी दिली, मागे सरलो, की मी खोलीत नसतोच."

"पण यंत्राच्या दृष्टीने त्या खोलीत फक्त तूच होतास. पुढच्या वेळी जाऊ नकोस. आजारी पड."

"आणि मग? ते विचारतील, याकूब आजच का आजारी? कोणी काय सांगितलं त्याला?" तो शांतपणे म्हणाला. "गेलो तर सरकारला संशय, नाय गेलो तर त्यांना. तूच हिशेब कर. तू शिकलीस."

"मग गावी जा. उद्याच."

"पासपोर्ट दिवाणात. देश सोडायला दिवाणाची सही. माझा मालक तोच, व्हिसाचा जामीनदार, कफील, तोच. सही मागायला गेलो की विचारतील, घाई कशाची?"

भांडी घासताना ती तेच तेच पर्याय उलटसुलट करून पाहत होती आणि प्रत्येक पर्याय त्याच दारापाशी येऊन अडत होता. याकूब निघाला तेव्हा ती जिन्यापर्यंत गेली. आयुष्यात पहिल्यांदा तिने त्याची चाल नुसत्या कानांनी ऐकली. कॉफी देणारा डाव्या हातात पितळी भांडं धरतो आणि उजव्या हातात पेले. इतक्या वर्षांत त्या भांड्याने त्याचं शरीर डावीकडे ओढलं होतं. डावी टाच जड, उजवी हलकी. नोकरीनेच त्याचं ओळखपत्र त्याच्या तळव्यांवर छापलं होतं. अशी चाल लाखात एक. ती चुकून दुसऱ्या कोणाची निघेल ही आशा व्यर्थ होती.

* * *

अमीर गेले. विमानाने देह आला आणि त्याच दिवशी दफन झालं. दुरारचा प्रत्येक पुरुष कब्रस्तानाकडे गेला, खल्फानही गेला. नियंत्रण कक्षात फक्त परदेशी लोक उरले. दोन तंत्रज्ञ वाहतुकीचे पडदे सांभाळत होते. निलोफर मुख्य टेबलाशी होती. समोर दूरचित्रवाणीवर थेट प्रक्षेपण चालू होतं.

तिथल्या रिवाजाप्रमाणे मृत्यूपुढे राजा आणि मजूर सारखेच. जनाज्याबरोबर चालायचं, गाडीत बसायचं नाही. शेख मायेद चालत होता, त्याचे काका चालत होते, अमीरांचा जावई शेख जासिर खांदा देत चालत होता. शेख जासिर हा दुसऱ्या शाखेचा, पण अमीरांनी त्याला मुलगी दिली आणि सुरक्षा विभागाचं प्रमुखपद दिलं. दोन शाखांना जोडणारा पूल, असं वर्तमानपत्रं त्याला म्हणत. निलोफरच्या विभागाचा तो सर्वोच्च अधिकारी.

येताना हजारो पावलांचा एकच गोंधळ होता. पण दफनानंतर राजघराण्यातले एकेक जण लोकांचं सांत्वन स्वीकारत फाटकातून सुटे बाहेर पडू लागले. गाड्या रस्त्यापलीकडे उभ्या होत्या आणि रस्त्याखाली केबल होती.

यंत्राला कोणी काही सांगितलं नव्हतं. अनोळखी चाल पूर्वी कधी ऐकली असेल तर ती जुळवून ठेवणं हा त्याचा स्वभावच होता. एक म्हातारा शेख काठी टेकत रस्ता ओलांडून गेला आणि बाजूच्या पडद्यावर अक्षरं उमटली: अनोळखी दोन, पूर्वी ऐकलेलं ठिकाण, मळा. निलोफर उठून उभी राहिली. थोड्या वेळाने अनोळखी पाच. मग एक आणि चार, दोघं भाऊ, बोलत बोलत. प्रत्येक वेळी ती एका पडद्यावरून दुसऱ्या पडद्याकडे पाहत होती. इकडे आकडा, तिकडे चेहरा.

तीन नंबर शेवटी आला. त्याने डोक्यावरचा रुमाल सारखा केला, डावी टाच किंचित घासत रस्ता ओलांडला, आणि कॅमेऱ्याने त्याचा चेहरा जवळून दाखवला. डोळे रडून लाल झाले होते.

तो शेख जासिर होता.

निलोफरने मळ्यावरच्या त्या दुपारची नोंद पुन्हा काढली. तिला आता हिरव्या ठिपक्याकडे पाहायचं होतं. कॉफी देणारा सर्वांत आधी प्रमुख पाहुण्याकडे जातो. त्यात चूक झाली तर तो अपमान समजतात. याकूबमामूने कधी चूक केली नसती. हिरवा ठिपका दारातून निघून सरळ तीन नंबरकडे गेला होता.

मामूला त्याच दिवशी उचललं. मामूच्या खोलीत राहणाऱ्या सोबत्याने फोन करून तिला सांगितलं. दफनाहून परतलेले लोक घरी जेवत असताना दोन गाड्या आल्या आणि याकूबला घेऊन गेल्या.

मगच तिच्या लक्षात आलं. अहवालाची प्रत युवराजांकडे, म्हणजे आता नव्या अमीरांकडे गेली होती. कोणीतरी सापडणं भाग होतं. जो सापडला होता तोच त्या पाचांविरुद्धचा एकमेव साक्षीदार होता. यंत्राच्या चुकीसारखी सोयीची गोष्ट शेख जासिरला दुसरी कुठली मिळणार?

* * *

तिला त्याच्या कार्यालयात बोलावलं तेव्हा टेबलावर एक कागद तयार होता. न्यायालयासाठी तांत्रिक प्रमाणपत्र. मळ्यावर ऐकू आलेली चाल याकूब होडेकर याचीच आहे, असं प्रणालीच्या रचनाकाराने सहीनिशी सांगायचं होतं.

"बस, इंजिनियर निलोफर," शेख जासिर अदबीने म्हणाला. "तुझ्या कामाने देश वाचला. नवे अमीर तुझं नाव विचारत होते."

कोपऱ्यातून एक माणूस कॉफी घेऊन आला. निलोफरने पेला घेतला. तो मागे सरून भिंतीपाशी उभा राहिला. तिची नजर त्याच्यावरच होती.

"बोल ना. काही शंका आहे?"

"यांच्यासमोर बोलू?"

"कोण?" शेख जासिरने खरोखरच खोलीभर नजर फिरवली. मग त्याला भिंतीपाशी उभा असलेला माणूस दिसला. त्याने हात हलवला आणि तो माणूस बाहेर गेला.

निलोफरने पेला खाली ठेवला. "प्रमाणपत्र अपुरं आहे, महाराज. त्या खोलीत सहा जण होते. मी सही करायची तर सहाही जणांबद्दल करावी लागेल."

"पाच अनोळखी आहेत असं अहवालात आहे."

"तेव्हा होते. दफनाच्या दिवशी ते रस्ता चालत ओलांडून गेले."

शेख जासिरने प्रमाणपत्राचा कागद स्वतःकडे ओढला. बाहेर कुठेतरी लिफ्टची घंटा वाजली.

"यंत्र स्वतःहून जुळवतं," ती पुढे म्हणाली. थांबली तर पुन्हा बोलता येणार नाही याची तिला खात्री होती. "आणि त्या खोलीत कॉफी पहिल्यांदा कोणाला दिली, हेही त्याच्याकडे आहे. यंत्र कॉफी देणाऱ्याला सूत्रधार समजतं. पण न्यायालयात दुरारचे लोक बसतील. पहिली कॉफी कोणाला देतात ते त्यांना माहीत आहे."

"तुला काय हवंय?"

"याकूब होडेकर घरी जावा. भारतात."

"तो तुझा कोण?"

"माझ्या आईचा भाऊ."

त्याने डोळे मिटले आणि उघडले. रागावण्यापेक्षा तो हिशेब करतोय असं तिला वाटलं. "नोंदी पुसता येतील?"

"येतील. पण केबल जमिनीत आहे. तुम्ही पुन्हा चाललात की ते पुन्हा शिकणार. सगळा देश खणून काढल्याशिवाय ते विसरणार नाही. कोणीतरी त्याला सारखं विसरायला लावावं लागेल."

"आणि ते करू शकेल असा माणूस एकच."

"एकच," ती म्हणाली.

तो हसला. पहिल्यांदाच. "म्हणजे तो जाईल आणि तू राहशील."

आपण सौदा जिंकतोय असं तिला क्षणापूर्वी वाटलं होतं. आता तिला कळलं की आपण आपल्याच भोवती भिंत बांधली आणि शेवटची वीटही आपणच त्याच्या हातात दिली.

* * *

निलोफरला बढती मिळाली. समुद्राकडे तोंड असलेलं घर मिळालं, तिचा पासपोर्ट सुरक्षा विभागाच्या तिजोरीत गेला. याकूबमामूला पुरेसा पुरावा नाही म्हणून सोडलं आणि विमानात बसवलं.

पाच चाली पुसून भागत नव्हतं. पुसलेल्या जागेची भोकं दिसतात. त्या पाच चालींना दुसरं काहीतरी नाव देणं भाग होतं. प्रणालीत माणसाखेरीज एकच वर्ग असा होता की जो मळ्यावर दिसला तर कोणी दुसऱ्यांदा पाहणार नाही. तिने पाचही शेखांना उंट केलं. दुरारच्या सुरक्षा विभागाचा प्रमुख आता यंत्राच्या लेखी पाळीव जनावर होता. हे कोणाला तरी सांगून खदखदून हसावं असं तिला वाटे, आणि सांगण्यासारखं जगात कोणी नव्हतं.

ती चालायला घाबरू लागली. बाजारात जाताना, घरातल्या घरात फेऱ्या मारताना तिला आपला हिरवा ठिपका वरून पाहिल्यासारखा दिसे. आपण थांबलो तर का थांबलो असं कोणी विचारेल, म्हणून ती विनाकारण पुढे जात राही. ती खिडकीशी उभी राहिली की टाचा आपोआप जमिनीवर आपटू लागत. मग तिला आठवे की हेही ऐकू जातंय.

सैतवड्याहून मामूचा फोन आला.

"बांगडे खाल्ले. मीठ घालून," तो म्हणाला. "तू कवा येतेस गो?"

"बघते. काम आहे."

"तुझी आय विचारत होती. मी सांगितलं, मोठी साहेब झालीय." तो जरा थांबला. "निलू, एक सांगू? माझ्या जागी मोतालिबला घेतलंय. सिल्हेटचा. कितीतरी वर्षं एका खोलीत राहिलो आम्ही. मला धरलं तेव्हा तुला फोन केला तो तोच. त्याच्या पोरीचं लग्न हाय या वर्षी."

निलोफरने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"त्याला सांगशील काय, सांभाळून राहा म्हणून?"

"काय सांगू, मामू? जाऊ नकोस म्हणून?"

"नाय," तो म्हणाला. "ते तर मी पण नाय करू शकलो."

आठवडा उलटला असेल-नसेल. भर दुपारी कक्षात खल्फानने तिला हाक मारली. पडद्यावर मळा होता.

"हल्ली उंट फार झालेत तिथे," तो म्हणाला.

"पाण्यासाठी येत असतील."

"मी उंटांत वाढलो, निलोफर. माझ्या बापाकडे चाळीस होते." त्याचा आवाज थट्टेचा होता, पण डोळे थट्टा करत नव्हते. "उंट हट्टी असतो, लबाड असतो, सगळं कबूल. पण स्वतःच्या गाडीतून उतरून, चपला काढून मजलिसमध्ये शिरणारा उंट मी अजून पाहिला नाही."

त्या पाचांभोवती हिरवा ठिपका फिरत होता. मोतालिबुर रहमान, बांगलादेश.

"याचं काय करणार?" तिने विचारलं.

"काय करणार म्हणजे? अहवाल वर जाईल. मळा आता संशयाच्या यादीत आहे आणि तिथे हिरवा हाच आहे. मागच्या वेळी पुरावा कमी पडला असं वरून कळवलंय. या वेळी कमी पडू देऊ नका म्हणाले." खल्फानने खांदे उडवले. "संध्याकाळपर्यंत उचलतील."

मोतालिब दारापाशी जाऊन उभा राहिला होता. आत कोणाचा तरी पेला रिकामा झाला असेल, कारण तो पुन्हा निघाला. निलोफरला त्याचा चेहरा माहीत नव्हता. त्याचा आवाज फोनवर एकदाच ऐकला होता. घाईत, घाबरलेला, तिला मामूबद्दल सांगताना. तो फोन करायची त्याला काही गरज नव्हती.

आपण हे थांबवलं तर शेख जासिरला कळायला किती वेळ लागेल, याचा तिने अंदाज बांधायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. इथून बाहेर पडायचा रस्ता आठवायचा प्रयत्न केला. तोही सोडून दिला. मामू घरी होता. ते आता कोणी उलटं करू शकत नव्हतं.

तिने कीबोर्ड जवळ ओढला. उंटांच्या वर्गात शिरून तिने पाच नोंदी बाहेर काढल्या आणि दफनाच्या दिवशी फाटकातून निघालेले चेहरे त्यांच्यापुढे ठेवले. यंत्राने थोडा वेळ घेतला. मग पडद्यावर मळ्यातला पहिला ठिपका हिरवा झाला. दुसरा झाला. चौथा, पाचवा. प्रत्येकाशेजारी पूर्ण नाव उमटलं, बापाचं, आजोबाचं, घराण्याचं.

सर्वांत शेवटी तिसरा झाला. मोतालिब कॉफी घेऊन पहिल्यांदा त्याच्याचकडे गेला होता.

खल्फानने ते नाव वाचलं. ओठ हलवत, शाळेतल्या पोरासारखं त्याने ते दुसऱ्यांदा वाचलं. मग तो उठला, कक्षाचं दार लावून घेतलं आणि दाराला पाठ टेकून उभा राहिला.

"हे आणखी कोणी पाहिलंय?"

"आत्तापर्यंत फक्त तुम्ही," निलोफर म्हणाली. "अहवाल वर गेला की नवे अमीरही पाहतील."